सेस्ना-बोईंगचा हात घेऊन एअरबस आणि मिराज उडत नसते, भाऊ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कॉम्प्युटरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर सेस्ना, ७३७ आणि डीसीएस (लढाऊ विमानांचा सिम) मधलं फुकटचं मस्टँग यावर तुझा हात चांगला बसलाय, आता युरोपातली विमानं उडवायची आहेत, प्रवासी पण आणि लष्करी पण. पण ए३२० उतरताना डोलतं, मिराज ट्रायलवर घेतलं तर रनवेवर आपटतं, स्पिटफायर तर टेकऑफच्या आधीच जागच्या जागी गोल फिरतं. म्हणून विचारतोयस की नवीन जॉयस्टिक घेऊ का आणि कोणतं विमान विकत घेऊ.

जॉयस्टिक घेऊ नको. निदान आत्ता नको. तिन्ही त्रासांचं मूळ एकच आहे, हात अमेरिकन विमानांवर तयार झालाय आणि तोच हात तू इकडे चालवतोयस. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असायचा, आयुष्यभर ती चालवलेला माणूस पल्सरवर बसला की पहिल्या सिग्नलला काय करतो ते मी व्हरायटी चौकात उभं राहून पाहिलंय. गाडी खराब नसते अन् माणूसही अडाणी नसतो.

एअरबसपासून सुरू करतो कारण तिथे सगळ्यात जास्त पोट्टे अडकतात. ए३२० पहिल्यांदा उडालं २२ फेब्रुवारी १९८७ ला, तुलूझला, आणि डिजिटल फ्लाय-बाय-वायर (पायलट आणि पंखांच्या मध्ये कॉम्प्युटर) घेऊन आलेलं ते पहिलं प्रवासी विमान. ७३७ मध्ये तू योक (स्टिअरिंगसारखा दांडा) ओढतोस तेव्हा एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग, हलवतोस. ए३२० मध्ये साइडस्टिक ओढलीस की तू कॉम्प्युटरकडे एक मागणी करतोस, वर-खाली असेल तर जी-लोडची (विमानावर किती पट वजन पडावं त्याची) आणि डावी-उजवीकडे असेल तर किती वेगाने झुकायचं त्याची. स्टिक सोडून मधोमध आणली की त्याचा अर्थ "आहे तसंच राहा" असा होतो. २० अंश झुकवून स्टिक सोड, विमान २० वरच राहील, ३३ अंशांपर्यंत ते स्वतः धरून ठेवतं, त्याच्या पुढे नेऊन सोडलं तर परत ३३ वर येतं आणि ६७ च्या पलीकडे तू कितीही दाबलीस तरी जात नाही. ट्रिमही (स्टिक सतत दाबून धरावी लागू नये म्हणूनची जुळवणी) आपोआप होत असतो, त्यामुळे तुझ्या स्टिकवर ट्रिमची बटणं बांधलेली असतील तर या विमानाच्या प्रोफाइलमधून काढूनच टाक.

आता ७३७ चा हात काय करतो? सतत बारीक बारीक दुरुस्त्या करत राहतो. तिथे ते बरोबर आहे. इथे प्रत्येक दुरुस्ती म्हणजे नवी मागणी, विमान ती पूर्ण करेपर्यंत तू उलटी मागणी टाकतोस, मग परत उलटी, आणि बघणाऱ्याला वाटतं वाऱ्याने डोलतंय. वारा शून्य ठेवून बघ, तरी डोलेल.

यावरचा माझा इलाज फार साधा आहे आणि कंटाळवाणा आहे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून, रनवे ३२ वरून निघ, ५००० फुटांवर जा, ऑटोपायलट बंद, फ्लाइट डायरेक्टर (कुठे वळायचं ते दाखवणाऱ्या रेघा) पण बंद, ऑटोथ्रस्ट (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारं) मात्र चालू ठेव. मग झुकव, हात काढ, हात खरंच स्टिकवरून उचलून मांडीवर ठेव, आणि बघत बस. सरळ कर, परत हात मांडीवर. नाक दोन अंश वर, हात मांडीवर. असं अंबाझरीवरून, गोरेवाड्यावरून चकरा मारत राहा. विमान तुझ्याशिवाय सरळ जातं हे डोक्याला माहीत असून उपयोग नाही, हाताला पटावं लागतं.

उतरण्याची गंमत वेगळी. ५० फुटांवर कॉम्प्युटर फ्लेअर (टेकण्याआधी नाक जरा उचलणं) मोडमध्ये जातो, तेव्हाची नाकाची स्थिती लक्षात ठेवतो आणि ३० फुटांपासून ते नाक हळूहळू, आठेक सेकंदांत, दोन अंश खालपर्यंत न्यायला लागतो. मुद्दामच, म्हणजे पायलटला नेहमीच्या विमानासारखी स्टिक मागे ओढावी लागेल. तुला हे माहीत नसेल तर ३० फुटांवर वाटतं नाक आपोआप पडतंय, तू घाबरून झटका देतोस, विमान वर उठतं, मग तू पुढे ढकलतोस आणि तिथेच सगळं संपतं. ३० फुटांच्या जरा आधीपासून हलका, सलग, न थांबणारा मागचा दाब द्यायचा, बस. पण झटका नाही. "रिटार्ड" असं ओरडतं ते २० फुटांवर, आणि ती आठवण असते, आज्ञा नव्हे. थ्रॉटलचे लिव्हर आयडलला (सगळ्यात कमी ताकदीला) आणणं तुझं काम आहे, कारण एअरबसमध्ये ऑटोथ्रस्ट चालू असताना लिव्हर स्वतः हलतच नाहीत. टेकऑफनंतर सीएल (क्लाइंब) खाचेत टाकायचे आणि उतरेपर्यंत तिथेच. तू ते सीएलमध्येच विसरलास तर इंजिन इमानदारीने वेग धरून ठेवतं आणि विमान रनवेवर तरंगत राहतं. नागपूरचा रनवे ३२०० मीटर आहे म्हणून इथे खपून जातं.

म्हणूनच थ्रॉटलच्या खाचा कॅलिब्रेट करणं मी लँडिंगइतकंच महत्त्वाचं मानतो. फ्लायबायवायर नावाच्या गटाने बनवलेल्या ए३२० मध्ये कॉकपिटमधल्या टॅब्लेटवर त्याचं वेगळं पान आहे, आयडल, सीएल, फ्लेक्स (कमी ताकदीचा टेकऑफ), टोगा (पूर्ण ताकद) या प्रत्येक जागी लिव्हर नेऊन नोंद करायची. साध्या जॉयस्टिकच्या छोट्या स्लायडरवरही करता येतं, स्लायडरच्या बाजूला पांढऱ्या पेनने खुणा कर, दिसायला गबाळं दिसेल पण काम होतं. स्टिकचा डेड झोन (मधली, हलवली तरी काही न होणारी जागा) अगदी कमी आणि कर्व्ह (स्टिक किती हलवली की किती परिणाम, याची रेघ) सरळ ठेव, एअरबसमध्ये कर्व्ह वाकवून डोलणं कमी होत नाही, फक्त उशिरा होतं.

कोणतं घेऊ याचं उत्तर, आधी पैसे खर्चूच नको. एमएसएफएस (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर) असेल तर फ्लायबायवायरचं ए३२० निओ फुकट आहे आणि शिकायला भरपूर आहे. २०२० च्या आवृत्तीत आयनीबिल्ड्सचं ए३१० पण फुकट मिळतं आणि ते मी मुद्दाम सांगतोय, कारण त्यात साइडस्टिक नाही, योक आहे, ट्रिम आहे, ऑटोथ्रॉटल लिव्हर हलवतं. कंपनी तीच, पिढी आधीची. दोन्ही एका संध्याकाळी लागोपाठ उडवलीस तर १९८० च्या दशकात एअरबसने काय उडी मारली ते कुठल्याही व्हिडिओपेक्षा चांगलं कळतं. त्यानंतरही एअरबसचा नाद टिकला तर फेनिक्सचं ए३२० घे, सिस्टिम्स इतक्या खोल आहेत की सर्किट ब्रेकरपर्यंत जाता येतं. एक्स-प्लेन हा दुसरा सिम वापरणाऱ्यांनी टोलिसच्या एअरबसकडे बघावं. आणि लॅपटॉप जुना असेल तर फ्लाइटगिअर हा सिम, पूर्ण फुकट, दिसायला साधं, पण हात बसवायला पुरे.

एक नागपुरी गोष्ट मध्येच. लाइव्ह वेदर लावून मे महिन्यात दुपारी सोनेगावहून निघालास की विमान जड वाटतं, त्यात सिमचा दोष नाही. विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर, त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश धरतात आणि बाहेर ४५. हिशोब केला तर हवा साधारण ४८०० फुटांवर असल्यासारखी पातळ भरते. विंग आणि इंजिन दोघांनाही ती कमी पडते. आणि फ्लेक्स तापमान (कमी ताकदीने टेकऑफ करायला कॉम्प्युटरला द्यायचा मानीव आकडा) हे बाहेरच्या तापमानापेक्षा जास्तच असायला पाहिजे, त्यामुळे फ्रँकफर्टच्या व्हिडिओत बघून ४२ टाकलंस तर इथे त्याला काही अर्थ नाही. सरळ टोगा लाव आणि निघ, इंजिन तुझ्या बापाचं नाही, सिममधलं आहे. सरावाला नागपूर-हैदराबाद चांगलं, सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, चढलो न चढलो की उतरायची तयारी, म्हणजे एका बैठकीत सगळे टप्पे होतात.

प्रवासी विमानांत अजून दोनच नावं घेतो. एटीआर ७२-६००, फ्रेंच-इटालियन जोडीचं टर्बोप्रॉप, इंडिगोकडे आहे. त्यात हॉटेल मोड नावाचा प्रकार आहे, उजवं इंजिन चालू पण त्याचा पंखा ब्रेक लावून धरलेला, म्हणजे वेगळं एपीयू (जमिनीवर वीज-हवा देणारं छोटं इंजिन) न लावता जमिनीवर वीज आणि हवा मिळते. पॉवर बदलली की रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा भाग) ट्रिम बदलायचा, दर वेळी, जेटवाल्याला हे जाम आठवत नाही. दुसरं जस्ट फ्लाइटचं बीएई १४६. चार इंजिनं, रिव्हर्सर (थांबायला इंजिनाचा जोर उलटा वळवणारा) एकही नाही, त्याऐवजी शेपटीला पाकळ्यांसारखा उघडणारा एअरब्रेक. हे घेऊन लंडन सिटीला उतर, तिथला उतार साडेपाच अंशांचा (बाकी सगळीकडे साधारण तीन असतो) आणि रनवे दीड किलोमीटर. एकदा जमलं की माणूस दुसऱ्या दिवशी पण त्याच्याबद्दलच बोलत असतो.

आता लष्करी. इथे सिम म्हणजे डीसीएस, बाकी पर्याय आहेत पण कॉकपिटमधलं प्रत्येक बटण चालणारं पाहिजे तर हेच. डीसीएसच्या स्वतःच्या दुकानातून घेतलं तर मॉड्यूल (वेगळं विकत घ्यायचं विमान) १४ दिवस फुकट चालवून बघता येतं, तू मिराजचं केलंस तसंच, एका वेळी एक.

मिराज आपटतं काहून? कारण तू वेग बघतोयस. मिराजचे पंख त्रिकोणी, म्हणजे डेल्टा विंग, त्याला मागे वेगळी आडवी शेपूट नसते, त्यामुळे लँडिंगला फ्लॅप लावता येत नाहीत, लावले तर नाक खाली जाईल आणि ते वर धरायला मागे काहीच नाही. मग कमी वेगात लिफ्ट (वर उचलणारा जोर) आणायची कशी, तर नाक वर करून. मिराज २००० साधारण १४ अंशांच्या अँगल ऑफ अटॅकवर (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन) उतरतं. आणि डेल्टाचं नाक वर गेलं की ड्रॅग (हवेचा विरोध) बेसुमार वाढतो. आता तुझा सेस्नाचा हात काय करेल? खाली जातोय असं वाटलं की स्टिक ओढेल. नाक अजून वर, ड्रॅग अजून जास्त, वेग पडला, घसरण वाढली, धप्प. डेल्टात स्टिकने अँगल सांभाळायचा आणि खाली-वर जाणं थ्रॉटलने. चाकं खाली केली की हडवर (समोरच्या काचेवरचा डिस्प्ले) कंसासारख्या खुणा येतात, विमान नेमकं कुठे चाललंय ते दाखवणारं वर्तुळ त्या खुणांच्या मध्ये ठेव, रनवेच्या सुरुवातीवर ठेव आणि घसरण वाढली की थ्रॉटल, कमी झाली की थ्रॉटल, डावा हात सतत जिवंत. टेकल्यावर पण नाक लगेच सोडायचं नाही, वर धरून ठेवायचं, आख्खं पंख ब्रेकचं काम करतं. अति ओढलं तर मात्र मागचा भाग घासतो.

आपल्या वायुसेनेत मिराज २००० १९८५ पासून आहे, ग्वाल्हेरला, त्यामुळे सगळ्यांना तेच पाहिजे असतं, समजू शकतो. पण डीसीएसमधलं मिराज २००० बनवणारी राझबॅम आणि डीसीएसची मालक ईगल डायनॅमिक्स यांचं २०२४ मध्ये पैशांवरून जाहीर वाजलं, तेव्हा घेण्याआधी त्या मॉड्यूलची सध्याची स्थिती काय आहे ते तपास. फ्रेंचच पाहिजे तर एअरगेसचं मिराज एफ१ आहे, पण ते नाव मिराज असून डेल्टा नाही, शेपूट आहे, उतरवायला वेगळं.

माझं मत विचारशील तर हीटब्लरचं विगन घे. स्वीडनचं, पहिलं उड्डाण १९६७. वर डेल्टाचं जे रडगाणं सांगितलं त्यावर स्वीडिश लोकांनी उपाय काढला, पुढे छोटे पंख लावले आणि त्यांना फ्लॅप दिले, नाक खाली जायचा प्रश्नच मिटवला. युद्धात विमानतळ पहिल्याच दिवशी उडवले जातील हे धरून त्यांनी हे विमान हायवेच्या तुकड्यांवर, ५०० मीटरच्या आसपास जागेत उतरेल असं बनवलं. त्यामुळे याला फायटर असून थ्रस्ट रिव्हर्सर आहे. उतरायची पद्धत अशी: चाकं खाली, ऑटोथ्रॉटल लाव, ते १२ अंशांच्या अल्फावर (म्हणजे अँगल ऑफ अटॅकवर) वेग धरतं, रिव्हर्सरचा दांडा हवेतच ओढून ठेव, आणि फ्लेअर करूच नको. हो, करूच नको. सरळ रनवेवर आदळू दे, चाकं त्याचसाठी तशी दणकट आहेत. रिव्हर्सर हवेत उघडत नाही, पुढचं चाक दबलं की मगच उघडतो, म्हणून टेकल्याबरोबर नाकही खाली टाकायचं. मिराजमध्ये नाक धरून ठेव म्हणालो, इथे लगेच टाक म्हणतोय, लक्षात आलं नं? विगन थांबल्यावर रिव्हर्सरवर मागे पण चालतं, पोरांना दाखवायला छान.

विगनमध्ये वेग किलोमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये, बटणांवर सगळं स्वीडिश. इंग्रजी लेबलं लावायचा मोह होईल, लावू नको. बटण कुठे आहे ते हाताला कळलं की वर काय लिहिलंय ते कोण वाचतो. तासाला १०० किलोमीटर म्हणजे ५४ नॉट एवढं पाठ असलं की झालं. नकाशा कोला घे, उत्तर स्वीडन आणि नॉर्वे त्यात आहे, विगनला झाडांच्या शेंड्यांवरून पळवायला त्याच्यासारखी जागा नाही.

स्पिटफायर गोल फिरतं ते ब्रेकमुळे. मस्टँगला पायाच्या बोटांनी दाबायचे दोन वेगळे ब्रेक असतात. स्पिटफायरला हवेच्या दाबावर चालणारा एकच ब्रेक, त्याची मूठ स्टिकच्या गोल कडीवर, सायकलच्या ब्रेकसारखी दाबायची. दाब कोणत्या चाकाला जास्त जाणार ते रडर ठरवतं, रडर मधोमध असेल तर दोघांना सारखा, डावीकडे असेल तर डाव्याला. तू ब्रेक एका बटणावर बांधला असशील, म्हणजे दाबला की शंभर टक्के, आणि रडर थोडा जरी वाकडा असला की एकच चाक जाम. ब्रेक ॲक्सिसवर (हळूहळू कमी-जास्त होणाऱ्या कंट्रोलवर) बांध. पेडल असतील तर डाव्या पेडलचा टो-ब्रेक त्याला दे, नसतील तर कुठलाही रिकामा स्लायडर. मागचं चाक मोकळं फिरतं, मस्टँगसारखी स्टिक मागे ओढून ते लॉक होत नाही. फॉकवुल्फ १९० ला स्टिक ओढून लॉक होतं, बीएफ १०९ ला त्याचा वेगळा दांडा आहे, एकाच युद्धातली तीन विमानं आणि तीन तऱ्हा. ब्रेकची हीच मूठ-आणि-रडर पद्धत मिग-२१ मध्ये पण आहे, त्यामुळे इथे शिकलेलं वाया जात नाही.

आणि एअरबसला कर्व्ह नको म्हणालो तो नियम स्पिटफायरला लागू नाही. खरी स्टिक लांब, तुझी टेबलावरची वीतभर, वर याचा एलिव्हेटर भयंकर हळवा. पिचला (नाक वर-खाली) चांगला वाकवलेला कर्व्ह दे. मर्लिन इंजिन जमिनीवर लवकर तापतं, तेव्हा चेकलिस्ट वाचत धावपट्टीच्या तोंडाशी उभा राहू नको, आधी वाच आणि मग इंजिन लाव.

हेलिकॉप्टर तू विचारलं नाहीस पण गॅझेल या फ्रेंच हेलिकॉप्टरवर कधीतरी जाशीलच. फ्रेंच हेलिकॉप्टरचा रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, अमेरिकन उलटा. त्यामुळे अमेरिकन ह्यूईवर कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर उचलणारा दांडा) ओढताना डावा पाय देणारा माणूस गॅझेलमध्ये बसला की पहिल्याच उड्डाणात भोवरा. उजवा पाय द्यायचा. आपलं चेतक पण मूळ फ्रेंच डिझाइनचंच, त्यालाही हेच लागू.

रफाल अधिकृत मॉड्यूल म्हणून डीसीएसमध्ये नाही, मिहानमध्ये दसॉचा कारखाना असून नागपूरकरांच्या नशिबी सिममध्ये मिराजच. युरोफायटर हीटब्लरने जाहीर केलंय, येईल तेव्हा येईल, त्यासाठी पैसे साठवून ठेव पण आगाऊ देऊ नको.

सामानाचं बोलू. पैसे खर्चायचेच असतील तर पहिले रडर पेडलवर. स्टिक पुढच्या वेळी घेशील तेव्हा हॉल सेन्सरवाली (चुंबकावर चालणारी) घे, आपल्याकडच्या धुळीत साध्या स्टिकमधला घासून चालणारा पोटेन्शिओमीटर वर्षा-दोन वर्षांत थरथरायला लागतो आणि मग एअरबस परत डोलतं आणि तू परत स्वतःला दोष देतोस. उन्हाळ्यात कूलर आणि सीपीयू एका रेषेत ठेवू नको. कूलरची ओली हवा आणि खसची धूळ थेट कॅबिनेटमध्ये जाते, बोर्डावर पांढरे डाग पडलेले मी लोकांकडे पाहिलेत. कूलर माणसाकडे, कॅबिनेट बाजूला आणि भिंतीपासून हातभर दूर. दुपारी खोली तापली की ग्राफिक कार्ड स्वतःच वेग कमी करतं, तेव्हा सेटिंग खाली घे, फ्रेम ३० वर बांधून टाक, ए३२० ला ३० पुरतात. घरच्या इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नको, लाइट गेल्यावर तो उचलेपर्यंतच्या क्षणात पीसी बंद पडू शकतो, मध्ये छोटा यूपीएस पाहिजेच.

क्रम माझ्या मते असा लाव. महिनाभर फक्त फुकटचं ए३२०, दुसरं काही उघडू पण नको. हात मांडीवर ठेवायची सवय लागली की विगनचं १४ दिवसांचं ट्रायल, तेही सुट्ट्यांत घे म्हणजे दिवस वाया जाणार नाहीत. स्पिटफायर त्याच्यानंतर, आणि ते घेण्याआधी पेडल घरात आलेले पाहिजेत, रडरसाठी पिळायच्या स्टिकवर ते जमतं पण मनगट दुखतं. तुझी स्टिक कोणती आहे ते लिहिलं नाहीस, ते सांग, म्हणजे स्पिटफायरचा ब्रेक कोणत्या ॲक्सिसवर बसवायचा ते नेमकं सांगता येईल.